नाळेतल्या रक्ताचं प्रत्यारोपण: त्याआधीच्या ‘कंडिशनिंग’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताच्या कर्करोगात ‘ट्रान्सप्लांट’ हा शब्द कानावर पडला की घरातल्यांचं सगळं लक्ष डोनरकडे लागतं. मॅच मिळाला का, किती मिळाला, पिशवी कुठून येणार. पेशी चढवण्याआधीच्या आठवड्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, आणि खरं सोसायचं असतं ते तिथूनच सुरू होतं. खालचे प्रश्न त्या आठवड्याचे, म्हणजे तेव्हा देतात त्या केमो-रेडिएशनचे, ‘कंडिशनिंग’चे आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या पद्धतीची घेतली आहेत, कारण मोठ्या माणसांना नाळेचं रक्त देण्याची घडी बऱ्याच अंशी तिथे बसली. डोसचे आकडे पद्धत कळावी म्हणून दिले आहेत. तुमच्या रुग्णाचा डोस त्याच्या फाइलवर लिहिलेला असेल तोच खरा.

केमो तर झालीच आहे. मग ही आणखी एक केमो कशाला?

आधीची केमो आजार आटोक्यात आणण्यासाठी होती. कंडिशनिंगची कामं दोन. उरलासुरला कर्करोग मारणं हे एक. दुसरं काम घरच्यांना पटकन उमगत नाही: रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती इतकी खाली आणायची की बाहेरून आलेल्या पेशींना तिने हुसकावून लावू नये.

पेरणीआधीच्या मशागतीची उपमा सगळेच देतात. ती अर्धीच लागू पडते. शेत कधी बी उपटून बाहेर फेकत नाही, शरीर फेकतं. आपल्या टी पेशींचं कामच ते आहे, परकं ओळखायचं आणि संपवायचं. ल्युकेमिया पूर्ण आटोक्यात आलेल्या माणसाच्या अंगातसुद्धा या टी पेशी पुरेशा शिल्लक असतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता कंडिशनिंग हलकं करा’ असं सरळ म्हणता येत नाही.

नाळेच्या रक्तासाठीच हे जास्त महत्त्वाचं का?

कारण पेशी थोड्या असतात. बाळ जन्मल्यावर नाळ आणि वार यांत उरलेलं रक्त जेमतेम कपभर भरतं. मोठ्या माणसाला ते पुरण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी लागतात असा ढोबळ नियम आहे. ६० किलोच्या माणसाला म्हणजे दीडशे कोटी. आकडा मोठा वाटतो, पण अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो घेतला तर याच्या साधारण दहापट पेशी हाती येतात.

दुसरी गोष्ट त्या पेशींच्या स्वभावाची. मोठ्या डोनरच्या टी पेशी लढून तयार झालेल्या असतात. रुग्णाच्या उरल्यासुरल्या टी पेशींना त्या स्वतःच दाबतात आणि ग्राफ्टला, म्हणजे चढवलेल्या नव्या पेशींना, जागा करून देतात. नाळेतल्या टी पेशींनी अजून एकही जंतू पाहिलेला नसतो. या नवखेपणाचा फायदाही आहे: एचएलएच्या, म्हणजे आपलं-परकं ओळखायच्या पेशींवरच्या, सहापैकी चारच खुणा जुळल्या तरी नाळेचं रक्त चालवून घेता येतं, आणि ग्राफ्ट उलटून रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करण्याचा आजार, म्हणजे जीव्हीएचडी, विशेषतः त्याचा दीर्घकाळ रेंगाळणारा प्रकार, त्या मानाने कमी दिसतो. तोटा इतकाच की आपली जागा या पेशी भांडून मिळवू शकत नाहीत. ती आधीच मोकळी करून ठेवावी लागते, आणि ते काम कंडिशनिंगवर येतं.

याची सुरुवात कुठून झाली?

पॅरिसमधल्या सेंट लुई रुग्णालयात, ऑक्टोबर १९८८ मध्ये. डॉ. एलियान ग्लुकमन यांनी अमेरिकेतून आलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं, गोठवून आणलेलं रक्त दिलं. त्याला कर्करोग नव्हता, फॅन्कोनी ॲनिमिया हा जन्मजात आजार होता. त्या आजारात पेशी इतक्या नाजूक असतात की नेहमीच्या डोसची केमो सोसतच नाही, म्हणून कंडिशनिंग अगदी बेतानं दिलं होतं. तरीही ग्राफ्ट रुजलं. पुढे न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्रात १९९२ मध्ये सार्वजनिक नाळरक्त बँक उभी राहिली आणि नात्याबाहेरच्या रुग्णांनाही पिशव्या मिळू लागल्या.

औषधं कोणती असतात? किती दिवस?

मिनेसोटाच्या पूर्ण ताकदीच्या पद्धतीत तीन गोष्टी येतात: फ्लुडाराबिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि सगळ्या अंगाला रेडिएशन, ज्याला टीबीआय म्हणतात. फ्लुडाराबिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, तीन दिवस. सायक्लोफॉस्फामाइड दर किलोला ६० मिलिग्रॅम, दोन दिवस. टीबीआय एकूण १३.२ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), ते एकदम न देता आठ भागांत, दिवसातून दोनदा, चार दिवस. सगळं धरून आठवडाभराचा कार्यक्रम.

दिवस उलटे मोजतात. पेशी चढवायचा दिवस शून्य, त्याआधीचे उणे. वॉर्डात ‘आज मायनस फोर’ असं ऐकू आलं की तो हिशोब हा. शून्याच्या दोन-तीन दिवस आधी सायक्लोस्पोरिन आणि मायकोफेनोलेट सुरू होतात. तेही प्रतिकारशक्ती दाबणारेच, पण ते पेशी चढल्यानंतरही चालू राहतात. सायक्लोस्पोरिन साधारण सहा महिने.

या तिघांत कोण काय करतं ते समजून घेण्यासारखं आहे. टीबीआय दोन्ही कामं करतं, आणि जिथे औषध नीट पोचत नाही अशा मेंदूभोवतीच्या द्रवासारख्या जागीही पोचतं. सायक्लोफॉस्फामाइड प्रतिकारशक्तीवर जबर आघात करतं. फ्लुडाराबिन वेगळ्या जातीचं आहे. ते विशेषकरून लिम्फोसाइट पेशींना मारतं (टी पेशी त्यांतल्याच), आणि त्या मानाने बाकीच्या अवयवांना कमी त्रास देतं. पूर्वी त्याच्या जागी एटीजी असायचं (त्याबद्दल पुढे). मोठ्यांच्या पद्धतीत फ्लुडाराबिन आलं, आणि माझ्या मते नाळरक्ताच्या कंडिशनिंगमधला सर्वांत कामाचा बदल तोच.

इतरत्र पद्धती वेगळ्या आहेत. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या डॉक्टरांनी रेडिएशन टाळून बुसल्फान, थायोटेपा आणि फ्लुडाराबिन यांच्यावर भर दिला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये मधली वाट काढली: रेडिएशन फक्त ४ ग्रे, जोडीला थायोटेपा. दोन रुग्णालयांचे कागद शेजारी ठेवून ‘आपल्याला कमी देतायत’ असा निष्कर्ष काढू नका. औषधं एकमेकांना तोलून बसवलेली असतात.

वडील ६२ वर्षांचे आहेत. एवढं त्यांना झेपेल का?

१३.२ ग्रे बहुधा नाही, आणि कुणी देणारही नाही. अशांसाठी सौम्य पद्धत आहे. तीच तीन नावं, प्रमाण बदललेलं: सायक्लोफॉस्फामाइड दर किलोला ५० मिलिग्रॅम एकदाच, फ्लुडाराबिन ४० मिलिग्रॅम पाच दिवस, आणि रेडिएशन फक्त २ ग्रे, एकाच वेळी.

इथे नीट बघा. रेडिएशन जवळजवळ सातव्या हिश्शावर आलं, पण फ्लुडाराबिन एकूण ७५ वरून २०० वर गेलं. म्हणजे कर्करोग मारण्याची ताकद कमी केली, प्रतिकारशक्ती दाबण्याची नाही. ‘सौम्य’ या शब्दाने फसगत होते ती इथेच. उरलेला कर्करोग पुढे नव्या पेशींनी मारावा अशी त्यात अपेक्षा असते. मिनेसोटाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अशा ११० रुग्णांचे निकाल छापले. तीन वर्षांनी ४५ टक्के हयात होते. आजारामुळे नव्हे तर प्रत्यारोपणाच्या त्रासामुळे दगावलेले २६ टक्के. आकडे बरे वाटोत की वाईट, हे लोक मोठं कंडिशनिंग सोसू न शकणारे होते, हे ध्यानात ठेवून वाचावेत.

एटीजी म्हणजे सशाच्या रक्तातलं औषध ना? आमच्या शेजारच्या खोलीत देतात, आम्हाला का नाही?

हो. माणसाच्या टी पेशी सशाला किंवा घोड्याला टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं म्हणजे एटीजी. ते रुग्णाच्या टी पेशी मारतं. अडचण अशी की ते बरेच दिवस अंगात रेंगाळतं आणि नंतर आलेल्या बाळाच्या टी पेशींनाही सोडत नाही. त्या आधीच नवख्या आणि थोड्या. मग विषाणूंचे संसर्ग वाढतात. म्हणून मोठ्यांसाठी बरीच केंद्रं ते टाळतात.

मग द्यायचं कुणाला? ज्याला प्रत्यारोपणाआधी फारशी केमोच झालेली नाही त्याला. मायलोडिस्प्लेसियाचे, म्हणजे अस्थिमज्जा सदोष रक्तपेशी बनवते त्या आजाराचे, काही रुग्ण असे असतात. त्यांची प्रतिकारशक्ती धडधाकट असते, आणि ग्राफ्ट फेकलं जाण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. आधीच्या केमोने जे नकळत करून ठेवलेलं असतं, ते यांच्या बाबतीत एटीजीला करावं लागतं. शेजारच्या खोलीतला फरक बहुधा इथला असतो.

दोन पिशव्या दिल्या तर दुप्पट फायदा?

लहान मुलांत नाही. २२४ मुलांची चाचणी २०१४ मध्ये छापून आली. एका वर्षाने एक पिशवी घेतलेली ७३ टक्के, दोन घेतलेली ६५ टक्के मुलं हयात होती. तो फरकही ठोस मानण्याइतका नव्हता. मोठ्या माणसांत एकीने पेशींची संख्या भरत नाही म्हणून दोन देतात. त्यातही शेवटी एकच टिकते, दुसरी काही आठवड्यांत नाहीशी होते.

त्या आठवड्यात प्रत्यक्ष काय काय होतं?

सायक्लोफॉस्फामाइड शरीरात फुटलं की त्यातून मूत्राशय सोलवटणारा पदार्थ निघतो. त्यासाठी मेस्ना नावाचं औषध आणि भरपूर सलाइन देतात, आणि रात्रीसुद्धा दर दोन तासांनी लघवीला उठवतात. रुग्ण वैतागतो. उठू द्या. लघवी लाल दिसली तर लगेच सांगा.

टीबीआयच्या पहिल्याच दिवशी गाल सुजून गालफुगीसारखं दिसू शकतं. लाळग्रंथींना किरण लगेच बाधतात. दोन-तीन दिवसांत सूज उतरते. तोंड सोलवटणं मात्र नंतर, शून्य दिवसाच्या पुढे, आणि तेव्हा पाणी गिळणंही कठीण होतं. मॉर्फिनचा पंप लावायची वेळ येते. त्याला घाबरू नका, व्यसन लागत नाही.

थायोटेपाची गोष्ट वेगळी. ते घामातून बाहेर पडतं आणि काखेत, जांघेत, चिकटपट्टीखाली साचून कातडी काळी पाडतं, भाजल्यासारखी करतं. म्हणून दिवसातून अनेकदा आंघोळ, दर वेळी धुतलेले कपडे, धुतलेली चादर. तेल नाही, मलम नाही, पावडर नाही. आपल्याकडे ‘अशक्त माणसाला कशाला सारखं भिजवता’ म्हणणारी एक आत्या असतेच. तिला बाहेर चहाला न्यावं आणि आंघोळ उरकावी.

बुसल्फान असेल तर झटके येऊ नयेत म्हणून आधीच गोळी देतात. त्या दिवसांत तापासाठी घरची पॅरासिटामॉल परस्पर देऊ नका, बुसल्फान शरीरातून निघून जायला जो मार्ग लागतो तोच ती अडवते. शिवाय प्रत्यारोपणाच्या रुग्णाचा ताप लपवायचा नसतो, सांगायचा असतो.

केस जातात. पुन्हा येतात.

प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा द्यावा का?

नाही. हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण विचार करा: ती शक्ती खाली आणण्यासाठीच तर आठवडाभर हे सगळं चाललंय. त्यात यकृतावर बुसल्फान, रेडिएशन आणि बुरशीविरोधी औषधांचा ताण आधीच असतो. गुळवेल घेणाऱ्या काही जणांना यकृताचा त्रास झाल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी केली होती. आयुष मंत्रालयाने त्या नोंदीवर आक्षेप घेतला. तो वाद चालू दे, आपल्या रुग्णावर तो सोडवायची गरज नाही. हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, शेजाऱ्यांनी आणलेलं अंगाऱ्याचं पाणी, सगळं बाहेर. अंगारा कपाळाला नाही तर उशाशी पुडीत ठेवा.

शून्य दिवशी ऑपरेशन असतं का?

नाही. रक्त चढवल्यासारखंच, सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, तासाभरात आटोपतं. एवढी वाट पाहिलेली पिशवी इतकी लहान निघते की नातेवाईक खरोखर विचारतात, बस, एवढंच? खोलीत दोन दिवस लसणासारखा वास येतो. पेशी गोठवताना घातलेलं डीएमएसओ रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडतं, त्याचा तो वास. रुग्णाला स्वतःला तो फारसा जाणवत नाही.

काउंट कधी येतात?

काउंट म्हणजे रक्तपेशींचे आकडे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की ग्राफ्ट लागलं म्हणतात. मोठ्या डोनरच्या रक्तातून घेतलेल्या पेशींना साधारण दोन आठवडे लागतात, नाळरक्ताला पूर्ण ताकदीच्या कंडिशनिंगनंतर तीन ते चार. प्लेटलेट त्याहून उशिरा. हे मधले दिवस सर्वांत धोक्याचे. ते कमी करण्यासाठी पेशी प्रयोगशाळेत वाढवून देण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालू होते. त्यांतलं ओमिडुबिसेल हे उत्पादन अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं. १२५ जणांच्या चाचणीत त्याने हा काळ २२ दिवसांवरून १२ वर आणला.

काउंट आले म्हणजे प्रतिकारशक्ती आली असं मात्र नाही. टी पेशी सावरायला महिने जातात. भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात सीएमव्ही विषाणू लहानपणापासून निपचित पडलेला असतो, तो याच काळात डोकं वर काढतो. एचएचव्ही-६ नावाचा दुसरा एक मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रुग्ण अचानक विसरल्यासारखं बोलू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर ‘औषधाची गुंगी असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

लहानपणच्या लसींचा उपयोगही पुसला जातो. पुढे डॉक्टर सांगतील त्या क्रमाने सगळ्या पुन्हा.

एवढं करूनही ग्राफ्ट लागलं नाही तर?

होतं असं, आणि नाळरक्तात ते जास्त होतं. कधी पेशी कमी पडतात. कधी रुग्णाच्या रक्तात त्या पिशवीच्या एचएलएविरुद्ध प्रतिद्रव्यं आधीच तयार असतात. अनेकदा रक्त चढलेल्यांत आणि बाळंतपणं झालेल्या बायकांत ती जास्त सापडतात. कंडिशनिंग टी पेशींना मारतं, या प्रतिद्रव्यांना नाही, म्हणून पिशवी निवडतानाच त्यांची तपासणी व्हायला हवी. डॉक्टरांना विचारण्यासारखा एकच प्रश्न निवडायचा असेल तर हा निवडा. ग्राफ्ट लागलं नाही तर दुसरा डोनर, बहुधा घरातला अर्धा जुळणारा, शोधून पुन्हा छोटं कंडिशनिंग करतात.

नंतर मूल होईल का?

पूर्ण टीबीआय किंवा बुसल्फाननंतर शक्यता फार कमी. तरुण मुलांचं वीर्य गोठवून ठेवणं एका दिवसाचं काम आहे. मुलींची बीजं काढायला दोनेक आठवडे लागतात, तेवढा वेळ आजाराने दिला तर. लग्न न झालेल्या मुलीसमोर हा विषय काढायला घरचे संकोचतात आणि वेळ निघून जाते. तिला विचारा. तिचंच शरीर आहे.

आमच्या मुलाचं नाळरक्त आम्ही खासगी बँकेत ठेवलंय. त्याला ल्युकेमिया झाला तर तेच वापरू ना?

वापरणार नाहीत. लहानपणच्या कित्येक ल्युकेमियांची बीजं जन्माच्या वेळीच रक्तात असतात. नवजात बाळांच्या टाचेतून टिपलेल्या रक्ताच्या जुन्या कागदांवर ती सापडली आहेत. तेच रक्त परत देणं म्हणजे आजार परत देणं. शिवाय परक्या पेशी उरलेल्या कर्करोगावर तुटून पडतात, तो फायदा स्वतःच्या पेशींत नाही. सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने २०१६ मध्ये दाखवलं की ज्यांच्या अंगात प्रत्यारोपणाच्या वेळी थोडा आजार शिल्लक होता, त्यांच्यात परक्या नाळरक्तानंतर आजार उलटण्याचं प्रमाण इतर डोनरांपेक्षा कमी होतं.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना, दोघांनीही स्वतःसाठी रक्त साठवून ठेवण्याला पाठिंबा दिलेला नाही. एक अपवाद: घरात दुसऱ्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार आधीच असेल, तर येणाऱ्या भावंडाचं रक्त जरूर ठेवावं. पॅरिसमध्ये हेच तर झालं होतं.

मुंबई-पुण्यात हे करून मिळेल का?

रक्ताच्या कर्करोगाचं प्रत्यारोपण मिळेल. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ पासून ती होतात, आता टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये. पण मोठ्या माणसासाठी नाळरक्त सुचवलं जाण्याची शक्यता कमी. बाहेरून दोन पिशव्या आणायचा खर्च, काउंट येईपर्यंतचे लांबलेले दिवस, त्यातले संसर्ग. त्यापेक्षा आई, वडील, भाऊ, मुलगा यांपैकी अर्धा जुळणारा डोनर घरातच असतो. पेशी चढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा सायक्लोफॉस्फामाइड देऊन जीव्हीएचडी रोखायची युक्ती जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झाली आणि ही पद्धत सोपी झाली. अमेरिकेत ३६८ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. आजाराशिवाय हयात राहण्यात ठोस फरक नव्हता, पण एकूण हयात राहणारे अर्ध्या जुळणाऱ्या डोनरकडे जास्त होते, दोन वर्षांनी ५७ विरुद्ध ४६ टक्के. कंडिशनिंगमधली नावं मात्र दोन्हीकडे तीच: फ्लुडाराबिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि हलकं रेडिएशन.

रक्तगट बदलतो म्हणतात, खरं का?

खरं. पिशवीतल्या बाळाचा गट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा गट बाळाचा होतो. जुन्या कार्डावरचा गट मग चालत नाही. नवा रिपोर्ट खिशात ठेवावा. मुलीच्या नाळेचं रक्त घेतलेल्या पुरुषाच्या रक्तपेशींत एक्सएक्स गुणसूत्रं सापडतात, आणि त्याच्याच केसाच्या मुळाशी त्याची स्वतःची एक्सवाय. ग्राफ्ट किती लागलं हे ‘कायमेरिझम’ नावाच्या तपासणीत दोघांच्या डीएनएमधल्या अशाच फरकांवरून मोजतात. साधारण शंभराव्या दिवशी त्या कागदावर ‘१०० टक्के डोनर’ असं आलं, तर त्याचा अर्थ रुग्णाचं सगळं रक्त आता त्या बाळाच्या पेशी बनवतायत.